योगिनींची शस्त्रे आणि तालमीची माती

भेडाघाटाची कीर्ती आहे ती नर्मदेच्या दोन्ही तीरांवर उभ्या असलेल्या संगमरवरी कड्यांसाठी. जबलपूरहून वीसेक किलोमीटरची वाट काढून येणारा प्रवासी धुवांधारचा प्रपात पाहतो, पंचवटी घाटावर होडीत बसतो, नावाड्याने यमके जुळवून केलेले कड्यांचे वर्णन ऐकतो आणि समाधानाने परततो. टेकडीवरच्या पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या मंदिरात जाणारे त्या मानाने थोडे. मध्ये गौरीशंकराचे देवालय, भोवती वर्तुळाकार ओवरी, आणि ओवरीच्या कोनाड्याकोनाड्यांत योगिनींच्या मूर्ती, अशी या स्थानाची रचना आहे. नाव चौसष्टांचे असले तरी कोनाडे ऐंशीच्या घरात भरतात. दहाव्या शतकात त्रिपुरीच्या कलचुरी राजांच्या काळी हे काम झाले. ती त्रिपुरी म्हणजे जवळचेच आजचे तेवर गाव. १९३९ साली ज्या त्रिपुरी काँग्रेसचे नाव सर्व देशात गाजले ती हीच.

या योगिनींच्या हातांत शस्त्रे होती. 'होती' असे म्हणावयाचे, कारण पुष्कळशा मूर्तींचे हात आज तुटलेले आहेत. पीठावर 'श्रीतेरंवा' असे नाव कोरलेली एक योगिनी अठरा हातांची असून ती महिषासुराचा वध करीत आहे. इतर कोनाड्यांतूनही खड्ग, ढाल, त्रिशूळ यांच्या खुणा दिसतात. पाहणाऱ्याच्या मनात सहज येते, की ही शस्त्रे जे लोक प्रत्यक्ष चालवीत ते ती कशी चालवीत असतील? त्या विद्येने त्यांच्या शरीराला आणि मनाला काय दिले असेल? आणि ती विद्या पुढे गेली कोठे?

मूर्ती या प्रश्नांना उत्तर देत नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. आपल्याकडे एखाद्या शिल्पात गदा दिसली की त्यावरून सबंध गदायुद्धशास्त्र सिद्ध करण्याची हौस फार. परंतु दगड शस्त्राचा आकार सांगतो, शस्त्राची गती सांगत नाही. त्यातून भेडाघाटच्या बहुतेक योगिनी बसलेल्या आहेत. आणि शस्त्रविद्येचा निम्मा भाग तर पायांत असतो.

मात्र कलचुरींच्या या घराण्याचा एक धागा आपल्याला थेट मल्लविद्येच्या एका मोठ्या ग्रंथापर्यंत नेतो. चेदीचा कलचुरी राजा लक्ष्मणराज याची कन्या बोंथादेवी ही दक्षिणेत चालुक्य कुळात दिली होती. तिचा पुत्र तैलप याने ९७३ साली राष्ट्रकूटांची सत्ता मोडून कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य उभारले. त्याच वंशात पुढे तिसरा सोमेश्वर झाला, आणि त्याच्या नावावर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला 'मानसोल्लास' हा कोशवजा संस्कृत ग्रंथ आहे. राजाने काय खावे येथपासून हत्ती कसे धरावे येथपर्यंत सर्व काही त्यात सापडते. त्यातच 'मल्लविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. मल्लांचे वय आणि बळ पाहून केलेले वर्ग, त्यांचा आहार, त्यांचे डावपेच आणि त्यांनी रोज घ्यावयाचे श्रम, हे सर्व तेथे नोंदलेले आहे. श्रमांचे प्रकार आजच्या वस्तादालाही ओळखीचे वाटतील. भार उचलावा, चालावे, पाण्यात पोहावे, बाहूंची ओढाताण करावी आणि खांबावर अंगमेहनत करावी. याच्याच शेजारी 'अंकविनोद' येतो. त्यात राजासमोर होणाऱ्या शस्त्रधारी जोड्यांच्या द्वंद्वाचे वर्णन आहे.

ही दोन प्रकरणे स्वतंत्र ठेवलेली आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मल्ल हरला तर उठून घरी जातो. शस्त्रधारी हरला तर बहुधा उठत नाही. एकीत पुन्हा पुन्हा हरण्याची सोय आहे, आणि मनुष्य शिकतो तो हरूनच. शस्त्राच्या विद्येला ही सोय कृत्रिम रीतीने निर्माण करावी लागते. लोखंडी पात्याऐवजी चामड्याने मढविलेला गदका, ढालीऐवजी छोटी फरी, भाल्याऐवजी टोकाला बोंडूक लावलेली बोथाटी, ही सारी त्या सोयीची साधने होत. आपल्या सर्व युद्धकलांची तुलना करावयाची तर ती येथून सुरू करणे इष्ट. कोणती कला जास्त घातक हे विचारण्यापेक्षा, कोणती कला शिकणाऱ्याला जिवंत ठेवून शिकविते हे विचारावे.

जबलपूरच्या परिसराने या प्रश्नाची कठोर बाजूही पाहिली आहे. गढामंडल्याची राणी दुर्गावती हिची धनुष्य आणि बंदूक या दोन्हींवर सारखी हुकमत होती, असे अबुल फजलने 'अकबरनाम्या'त लिहून ठेवले आहे. वाघ आल्याची वार्ता कानी पडली की त्याला मारल्यावाचून ती पाणी पीत नसे, असेही तो सांगतो. आणि हा साक्षीदार शत्रुपक्षाचा, म्हणून त्याच्या साक्षीला मोल अधिक. १५६४ च्या जून महिन्यात आसफखान चालून आला तेव्हा राणीने नर्मदा आणि गौर या नद्यांच्या आश्रयाने नरई येथे अडचणीची जागा धरली. पहिल्या दिवशी तिची सरशी झाली. त्याच रात्री छापा घालावा असे तिचे म्हणणे होते. सरदारांनी ते मानले नाही. दुसऱ्या दिवशी मोगलांचा तोफखाना पोहोचला. हत्तीवरून लढणाऱ्या राणीला दोन बाण लागले. शत्रूच्या हाती सापडण्याचा प्रसंग आला तेव्हा तिने माहुताच्या जागी बसलेल्या आधाराला आपला वध करण्यास सांगितले. त्याचा हात धजेना, तेव्हा तिने कट्यार स्वतःच्या अंगावर चालविली. तो दिवस २४ जूनचा होता.

या लढाईत राणीचे शस्त्रकौशल्य कोठेही उणे पडले नाही. उणी पडली ती आदल्या रात्रीची मसलत, आणि मग तोफांपुढे धनुष्याचे काय चालणार! युद्धकलेच्या अभ्यासाने युद्ध जिंकता येते अशी समजूत असणाऱ्यांनी नरईच्या ओढ्यावर एकदा जाऊन यावे.

मराठ्यांचा या भागाशी संबंध आला तो पुढे दोन शतकांनी. गोंड राज्य मोडल्यावर १७८१ पासून सागरच्या मराठ्यांचा आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांचा अंमल जबलपुरावर बसला; डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी शहर घेईपर्यंत तो चालला. मराठी शिपायाचे खास हत्यार दांडपट्टा. तलवार मुठीत धरतात. पट्टा हातात घालतात. कोपरापर्यंत येणाऱ्या लोखंडी खोबणीत हात अडकला की मनगट वळविण्याची मुभा राहत नाही. पाते लांब, दुधारी आणि लवचीक. साहजिकच वार निघतो तो खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून. पट्टेकरी एका जागी उभा राहून लढूच शकत नाही. तो फिरतो आणि फिरता फिरता स्वतःभोवती पात्याचे कडे उभे करतो. अनेकांनी वेढलेल्या एकट्या माणसाची ही विद्या आहे. प्रतापगडच्या प्रसंगात, १६५९ साली, सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडविला. त्यावरून पडलेली 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही?

पट्ट्याचा सराव करणाऱ्याच्या अंगी येते ती पावलांची शिस्त आणि नजरेचा विस्तार. जमिनीवर ठेवलेले लिंबू तोडणे हा लोकांना खेळ वाटतो. पण त्यात अंतराचा अचूक अंदाज आणि हात थांबविण्याची शक्ती या दोन्हींची परीक्षा असते. वार करणे सोपे, वार हवा तेथे थांबविणे अवघड. लाठी ही पट्ट्याची गरीब बहीण. तिला कारखाना लागत नाही, परवाना लागत नाही आणि तुटली तर रानात दुसरी मिळते. तिचे हे गुण पुढे फार कामास आले.

मल्लखांबाची गोष्ट याहून निराळी. परंपरा असे सांगते, की दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी जोड मागितली. बाळंभटदादा देवधरांनी हे आव्हान घेतले. सप्तशृंगीला जाऊन अनुष्ठान केले. तेथे दृष्टान्त होऊन त्यांना लाकडी खांबावर डावपेच बसविण्याची युक्ती सुचली आणि त्यांनी अलीला पाडले. दृष्टान्ताचा भाग भाविकांनी मानावा. खांबावरचे श्रम 'मानसोल्लासा'च्या काळीही ज्ञात होते, हे वर आलेच आहे. परंतु त्या श्रमांची पद्धतशीर विद्या बाळंभटांपासून चालत आली आणि पेशवाई बुडाल्यावर बाजीरावाबरोबर ती ब्रह्मावर्तास व तेथून काशीस पोहोचली, याविषयी मल्लखांबाच्या सर्व परंपरांचे एकमत आहे.

या युक्तीतली खरी बुद्धिमत्ता कोणती? खांबाला मल्लाचे शरीर मानले, ही. वरचे बोंड, त्याखालची मान आणि मग अंग, अशी खांबाच्या भागांची नावेच शरीरावरून पडली आहेत. हा लाकडी प्रतिस्पर्धी थकत नाही, रागावत नाही, दुखापत झाली म्हणून घरी बसत नाही. एरंडेल लावून गुळगुळीत केलेल्या त्या खांबाला अढी मारली, की मांड्यांची पकड, पोटाचे स्नायू आणि पाठीचा कणा यांची परीक्षा एकदमच होते. कुस्तीत जोडीदाराची चूक तुम्हाला वाचविते; मल्लखांबावर चूक फक्त तुमचीच. म्हणून तेथे शरीराची ओळख जितक्या लवकर होते तितकी इतर कोठे होत नाही. तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. खांब उलट डाव टाकीत नाही. नुसत्या मल्लखांबावर तयार झालेला मुलगा चपळ असतो, देखणा असतो. पण दुसऱ्या माणसाच्या मनात काय आहे हे त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून ओळखणे त्याला मातीतच शिकावे लागते.

आणि माती म्हणजे तालमीची लाल माती. हळद, तेल, ताक घालून कालविलेली, रोज खणून भुसभुशीत केलेली. तिच्यात पडणाऱ्याला लागत नाही, म्हणून तो पडण्यास भीत नाही. जोर, बैठका, मग जोडीची लढत, आणि शेवटी वस्तादांच्या पायांवर डोके. हा क्रम कोल्हापूरपासून काशीपर्यंत थोड्याफार फरकाने तोच आढळतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधविले आणि मल्लविद्येला राजाश्रय कसा द्यावा याचा धडा घालून दिला. त्याच करवीरच्या मातीशी नाते असलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, परंतु ते मातीवर नव्हे, गादीवर. मातीवरची कुस्ती सावकाश पिकते. गादीवरची मिनिटांच्या हिशेबाने चालते. मातीत तयार झालेल्या पुष्कळ चांगल्या मल्लांची गादीवर तारांबळ उडाली ती या कारणाने. कुस्तीचा आणखी एक दोष जुन्या पहिलवानांकडे पाहून कळतो. आखाडा सुटतो, मेहनत सुटते, पण खुराक सुटत नाही.

१८५७ नंतर या सर्व विद्यांचे प्रयोजनच पालटले. त्या वर्षाच्या १८ सप्टेंबरला जबलपुरात गोंड राजघराण्यातील राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. दुर्गावतीच्या राज्याचे हे अखेरचे वारस. त्यांच्या हाती तेव्हा ना सैन्य होते ना राज्य. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून तलवार बाळगणे हाही गुन्हा ठरला. आता पट्टा शिकावयाचा तो कशासाठी? युद्ध उरले नाही, शिपाईगिरी उरली नाही. अनेक घराण्यांतील हत्यारे दसऱ्याच्या पूजेपुरती बाहेर निघू लागली आणि विद्या मोहरमच्या व गणपतीच्या मिरवणुकींपुरती राहिली.

याच सुमारास हाच प्रश्न जपानलाही पडला होता, हा योगायोग विलक्षण आहे. तेथे १८७६ मध्ये सामुराईंच्या कमरेच्या तलवारी हुकमाने उतरविण्यात आल्या. १८८२ साली जिगोरो कानो यांनी जुन्या जुजुत्सूतील घातक प्रकार सरावाच्या लढतीतून वगळले, पडण्याची रीत प्रथम शिकविण्याचा क्रम लावला आणि ज्यूदो उभा केला. म्हणजे त्यांनी आपल्या देशाच्या विद्येला तालमीच्या मातीचा गुण दिला. पुन्हा पुन्हा हरण्याची सोय दिली. ओकिनावा बेटातील कराटे १९२२ मध्ये फुनाकोशी यांनी टोकियोत नेऊन दाखविले, त्यानंतर तेही शाळा-महाविद्यालयांतून शिकविले जाऊ लागले. आपल्याकडे केरळात पळशीराजाच्या बंडानंतर कळरीपयट्टूला असेच वाईट दिवस आले आणि १८९१ च्या युद्धानंतर मणिपुरात थांग-ता या तलवार-भाल्याच्या विद्येवर तोच प्रसंग गुदरला.

मराठी मुलखाने याला दिलेले उत्तर तालमीच्या संस्था काढण्याचे. बडोद्यास प्राध्यापक माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर चालविले. हिंदू शिष्याने मुसलमान गुरूच्या नावाने उभी केलेली ही संस्था आपल्या आखाड्यांच्या परंपरेविषयी पुष्कळ काही सांगून जाते. अमरावतीस १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. अमरावती आणि जबलपूर ही दोन्ही शहरे तेव्हा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होती आणि राजधानी नागपूरची होती, हे १९५६ नंतर जन्मलेल्यांना मुद्दाम सांगावे लागते. १९३६ साली मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी गेले आणि त्याने देशी व्यायाम व खेळ जगासमोर करून दाखविले. त्याच वर्षापासून बडोद्याहून मुजुमदारांचा 'व्यायाम ज्ञानकोश' खंडशः निघू लागला. त्याचे दहा खंड झाले. वस्तादाच्या तोंडून पठ्ठ्याच्या कानात जाणारी विद्या अशा रीतीने छापील पानावर आली. यात काही गमावले जात नाही असे नाही. परंतु जे वस्तादाबरोबर चितेवर गेले असते ते पुष्कळसे वाचले.

केरळची पद्धत आपल्या पद्धतीशी ताडून पाहिली असता एक मौजेचा भेद दिसतो. कळरीत शिष्य प्रथम नुसते शरीर कमावतो. मग काठीकडे जातो, मग धातूच्या शस्त्रांकडे, आणि रिकाम्या हातांची विद्या त्याला शेवटी मिळते. आपल्याकडे रिकाम्या हाताने आरंभ होतो आणि हत्यार मागाहून येते. ज्याच्या हातात काही नाही त्याला सर्वांत अधिक कळले पाहिजे, असा केरळी गुरूंचा यामागे विचार दिसतो. तर ज्याला स्वतःचे शरीर आवरत नाही त्याच्या हाती पाते देऊ नये, असा मराठी वस्तादांचा. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. कळरीतील लवचीकपणा कथकळीच्या नटाला मिळाला. आपल्या आखाड्याची तालबद्धता लेझमीत उतरली.

या विद्यांच्या लाभांविषयी बोलताना स्वसंरक्षणाचा मुद्दा नेहमी अग्रस्थानी मांडण्यात येतो. जबलपूरचा इतिहास त्याबाबतीत जरा सावध करणारा आहे. स्लीमनसाहेबाने ठगांच्या बंदोबस्ताचे काम चालविले ते मुख्यतः याच शहरातून. भेडाघाटच्या सहलीनेच त्याच्या प्रवासवर्णनाचा आरंभ होतो. ठगांच्या रुमालाला बळी पडलेल्यांत रजेवर गावी निघालेले कंपनीचे सिपाही पुष्कळ होते. कवायत जाणणारे, हत्यार चालविणारे, धडधाकट पुरुष. त्यांच्या बळात काही उणे नव्हते. वाटेत भेटलेल्या गोड बोलणाऱ्या सोबत्यावर त्यांनी विश्वास टाकला, एवढेच. गळ्यात रुमाल पडल्यावर कोणताही डाव आठवण्यास वेळ राहत नाही.

तेव्हा लाभ शोधावयाचा तो अन्यत्र. पडलो तरी उठता येते ही खात्री मल्लाला माती देते, ज्यूदोच्या विद्यार्थ्याला चटई देते. मल्लखांब भीतीला उंचीवर नेऊन तिच्याशी ओळख करून देतो. पट्टा आणि लाठी चौफेर लक्ष ठेवण्याची सवय लावतात. आणि गदकाफरीत आपल्याला लागलेला टोला स्वतःच्या तोंडाने मान्य करावा लागतो, ही सवय तर व्यवहारातही दुर्मिळ. शाळेत जाणाऱ्या मुलाला यांपैकी एकच काही शिकवावयाचे असेल तर आधी मल्लखांब द्यावा आणि दोन वर्षांनी मातीत उतरवावे. मुलींच्या बाबतीतही हाच क्रम चालावा. दोरीचा मल्लखांब त्यांनी आपलासा केलेलाच आहे. ज्या मुलखात दुर्गावती होऊन गेली तेथे याविषयी अधिक काही बोलण्याची गरज पडू नये. पण आखाड्यांची दारे मुलींना किती उशिरा उघडली हे पाहता बोलावे लागते.

२०१३ साली मध्यप्रदेश शासनाने मल्लखांब हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला. पुण्याच्या पेशव्यांच्या आश्रयाने वाढलेली विद्या नर्मदेच्या प्रांताने आपली मानली. २०२३ च्या आरंभी खेलो इंडियाच्या स्पर्धा या राज्यात झाल्या तेव्हा मल्लखांबाचे सामने उज्जैनला भरले; आणि मंडल्यात, म्हणजे गोंड राजांच्या जुन्या राजधानीत, पंजाबचा गतका आणि मणिपूरची थांग-ता खेळली गेली. जबलपुरात आता राज्याची तिरंदाजी प्रबोधिनी आहे. याच शहराच्या मुस्कान किरार हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय महिला संघातून तिरंदाजीचे रौप्यपदक मिळविले. राणीच्या रणभूमीपासून ही प्रबोधिनी फार दूर नाही.

भेडाघाटावर मात्र यांपैकी कोणतीही प्रबोधिनी नाही. तेथे घाटावरची पोरे प्रवाशांनी फेकलेल्या नाण्यासाठी कड्यावरून नर्मदेत उड्या घेतात. पाय जुळवून, अंग आवळून, पाण्याची ओढ ओळखून ती तळाशी जातात आणि दातांत नाणे धरून वर येतात. सोमेश्वराने मल्लाच्या रोजच्या मेहनतीत 'सलिलश्रम' म्हणून जो प्रकार सांगितला आहे, तो टेकडीवरच्या योगिनींच्या पायथ्याशी असा चालू असतो.